अपडेटनंतरचा तबला : दादरच्या एका स्टुडिओचं प्रकरण

दादर पश्चिमेला, रानडे रोडच्या गर्दीपासून थोडं आत, एक छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. एक व्होकल बूथ, पाच वादक जेमतेम मांडी घालून बसतील एवढा हॉल, आठ इनपुटचा ऑडिओ इंटरफेस. कामं ठरलेली : गणपतीच्या आधी आरत्या आणि गाणी, वर्षभर नाटकांचं पार्श्वसंगीत, मधूनमधून जाहिरातींचं डबिंग, हल्ली ऑडिओबुकंही. मालक साठी ओलांडलेले, स्पूलच्या टेपवर हात बसलेले. रोजचं काम पाहणारी रेकॉर्डिस्ट तिशीची, ती त्यांना काका म्हणते. त्यांच्यात रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरच्या एका अपडेटवरून वाद झाला आणि मग दोघांचा मिळून सॉफ्टवेअर कंपनीशी. मला बोलावलं ते बहुधा दोघांनाही आपल्या बाजूने कुणीतरी बोलायला हवं होतं म्हणून. कुणाची नावं इथे घालत नाही, सॉफ्टवेअरचंही नाही.

स्टुडिओकडे त्या सॉफ्टवेअरची मधली आवृत्ती होती : सर्वात स्वस्त नाही, सर्वात महागही नाही. वर्षाला ठरावीक रक्कम भरली की नवे अपडेट मिळत राहतात, असा करार. जूनमध्ये मोठं अपडेट आलं. सोबतच्या पत्रकात एक वाक्य ठळक होतं : सर्व कोअर फीचर्स (म्हणजे मूलभूत सोयी) सर्व आवृत्त्यांत कायम राहतील. रेकॉर्डिस्टने तेवढं वाचलं आणि इन्स्टॉल केलं. यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. असं वाक्य लिहिलेलं असतं ते विश्वास ठेवण्यासाठीच.

प्रत्यक्षात चार गोष्टी बदलल्या होत्या. व्हिडिओची खिडकी वरच्या आवृत्तीत गेली. रेकॉर्डिंग करताना लेटन्सी (आवाज ऐकू येण्यातला उशीर) कमी करणारं एका क्लिकचं बटण, तेही वर गेलं. टाइम-स्ट्रेचचं, म्हणजे सूर न बदलता आवाज लांबवण्या-आखडण्याचं, जुनं इंजिन काढून नवं बसवलं. आणि लायसन्स तपासायला मशीन अधूनमधून इंटरनेटवर आणावं लागेल असं झालं. बदल्यात मिळालं ते कमी नव्हतं. एकाच ट्रॅकवरचे सगळे टेक (तेच पुन्हापुन्हा गाऊन घेतलेले प्रयत्न) एकाखाली एक पट्ट्यांत दिसू लागले, त्यातून ओळीओळीने निवड करणं फार सोपं झालं. गायिकेचे सात टेक घेऊन त्यातून एक अंतरा जुळवणाऱ्या माणसाला विचारा, ही सोय म्हणजे काय ते.

व्हिडिओचा प्रश्न पाच मिनिटांत मिटला. प्रोमोला संगीत लावायचं काम क्वचितच येतं, आणि चित्र दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लावून आवाज तिथे नेता येतो. कटकट आहे, पण काम थांबत नाही.

बटणाचं प्रकरण मात्र तापलं. आरत्यांच्या अल्बमचं काम सुरू होतं. अर्ध्या गाण्यांचं मिक्सही झालेलं, आणि त्यातल्या एका गाण्यात मूळ गायिकेला एक कडवं पुन्हा गायचं होतं. हेडफोन लावून दोन ओळी गायल्यावर त्या थांबल्या. ‘‘अगं, माझाच आवाज मला मागून ऐकू येतोय.’’ तबलजी डोंबिवलीहून आलेले, पुढे त्यांना शिवाजी मंदिरला नाटकाचा प्रयोग होता, आणि इकडे रेकॉर्डिस्ट मेनूमागून मेनू उघडत बटण शोधत होती.

झालं होतं ते असं. आवाज कॉम्प्युटरमध्ये तुकड्यातुकड्याने जातो. 48 किलोहर्ट्‌झला (सेकंदाला आवाजाची 48,000 मोजमापं, म्हणजे सॅम्पल) 128 सॅम्पलचा बफर, म्हणजे एकेक तुकडा, ठेवला तर तो 2.7 मिलिसेकंदांचा. जाण्यायेण्याचं आणि इंटरफेसचं मिळून थोडं वाढतं, पण तेवढ्याने गायकाला काही जाणवत नाही. मिक्स करताना मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र होतात तिथे, बसवलेले काही प्लगिन (आवाजावर प्रक्रिया करणारी जोड-सॉफ्टवेअर) मात्र पुढचा आवाज आधी तपासून मगच सोडतात. लिनियर-फेज इक्वलायझर त्यातला. असा एखादा प्लगिन 4096 सॅम्पल घेतो, म्हणजे 85 मिलिसेकंद. सगळेच ट्रॅक मास्टरमधून जातात, त्यामुळे सगळेच तेवढे मागे पडतात. मिक्स ऐकताना याचा पत्ताही लागत नाही. गाताना लागतो. मिनिटाला 120 मात्रांची लय धरली तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, आणि 85 मिलिसेकंद म्हणजे तिचा सहावा हिस्सा. आवाज हवेतून तेवढ्या वेळात साधारण 29 मीटर जातो. तबलजी गल्लीच्या पलीकडच्या टोकाला बसलेत आणि तुम्ही इकडे समेवर यायचा प्रयत्न करताय, असा तो प्रकार.

जुन्या आवृत्तीत एक बटण दाबलं की असे जड प्लगिन रेकॉर्डिंगपुरते बाजूला होत. नव्यात ते प्लगिन हाताने एकेक करून बंद करायचे. रेकॉर्डिस्टने कंपनीला लिहिलं. उत्तर सभ्य होतं : ही सोय कामाचा वेग वाढवणारी आहे, कोअर नाही, हाताने तोच परिणाम साधता येतो.

ती संतापली, आणि तिचा संताप मला कळतो. दिवसातून जे पंचवीसदा दाबावं लागतं ते कोअर नाही तर काय आहे? काका उलट म्हणाले, ‘‘हाताने होतंय ना? मग झालं तर. आम्ही टेपवर पंच मारायचो तेव्हा चुकलं की आधीचा टेक पुसला जायचा.’’ पंच म्हणजे चालत्या टेपवर मधलाच तुकडा नव्याने भरणं. जुन्या लोकांचं टेपबद्दलचं बोलणं मी थोडं सांभाळूनच ऐकतो. मुंबईच्या दमट हवेत त्याच टेपांना बुरशी लागलेली आणि थर चिकट झालेले मी पाहिलेत. चिकटलेली टेप कमी उष्णतेवर तासन्‌तास शेकावी लागते, तेव्हा कुठे ती काही काळ वाजते. पण काकांच्या बोलण्यात एक धागा होता, तो मला नंतर उपयोगी पडला.

जुलैच्या शेवटी दुसरी गोष्ट घडली. एका नाट्यसंस्थेने काही वर्षांपूर्वीचं आपलं नाटक पुन्हा उभं करायचं ठरवलं. त्याचं शीर्षकगीत याच स्टुडिओत झालेलं. दिग्दर्शकाला गाणं तेच हवं होतं, फक्त मधला एक संवाद काढून तिथे बासरीचा तुकडा. काम अर्ध्या दिवसाचं. रेकॉर्डिस्टने जुनं सेशन, म्हणजे त्या कामाची फाइल, नव्या आवृत्तीत उघडलं. सगळे ट्रॅक आले, व्हॉल्यूमच्या रेषा आल्या, कुठे काही गहाळ नाही. बासरी घेतली, मिक्स दिलं. दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकाचा फोन : ‘‘ताई, सगळं छान आहे, पण हा तबला तो नाही.’’

तो तोच होता. फाइल तीच होती. पण मूळ कामाच्या वेळी ठेका किंचित जलद वाजला म्हणून टाइम-स्ट्रेच करून तो थोडा संथ केलेला होता, आणि ताणलेला आवाज सेशनमध्ये साठवलेला नव्हता. साठवली होती ती फक्त सूचना : एवढा ताणा. ती सूचना पाळणारं इंजिन आता बदललं होतं. नवं इंजिन एकंदरीत चांगलंच आहे, माणसाच्या आवाजावर तर फारच गुळगुळीत. तबल्यावर मात्र त्याने चाटीच्या, म्हणजे तबल्याच्या कडेवरच्या, आघाताला एक बारीक सावली जोडली, आणि डग्ग्याच्या घिस्स्याचा जो वळत जाणारा घुमारा असतो तो सपाट केला. हेडफोनमध्ये दोन्ही एकामागून एक लावले की कुणालाही ओळखू यावं. जुना कान असेल तर एकामागून एक लावायचीही गरज नाही.

पुन्हा कंपनीला पत्र. पुन्हा सभ्य उत्तर : सेशनमधला सर्व मूळ डेटा सुरक्षित आहे, सेशन पूर्णपणे उघडतं, स्ट्रेचच्या गुणवत्तेत केलेली सुधारणा ही कोअर कार्यक्षमतेतली त्रुटी मानता येणार नाही.

मी दोन्ही पत्रं समोरासमोर ठेवून वाचली. पहिल्या पत्रात कंपनीचं म्हणणं बरोबर आहे असं माझं मत झालं. दुसऱ्यात साफ चूक आहे.

हा निवाडा रेकॉर्डिस्टला उलटा वाटला. बटणाने तिचे तास खाल्ले होते, तबल्याचा प्रश्न वर्षात एकदा आलेला. पण किती वेळा वापरतो, या मापाने मोजलं की नेहमी गल्लत होते. त्या मापाने झूम करण्याची सोय सर्वात कोअर ठरेल. मी दुसरं विचारलं : ही गोष्ट अडली, आणि वादक घरी गेले, तर काय परत मिळत नाही? बटण नसेल तर पाच मिनिटं जातात, चिडचिड होते, गायिकेचा मूड जातो (हा तोटा लहान नाही, तरी तिला दुसऱ्या दिवशी बोलावता येतं). पण जुन्या सेशनमधला तबला बदलला तर तो परत आणायला कुणी नाही. तो ठेका वाजवणारे वादक आता हयात नाहीत. त्या फाइलीत जे उरलंय तेवढंच.

काकांच्या बोलण्यातला धागा तो हाच होता. टेपवर चुकीचा पंच म्हणजे कायमचं नुकसान, म्हणून त्या काळातली सगळी शिस्त तेवढ्याच एका गोष्टीभोवती होती. बाकी सगळं हाताने.

या मापाने पाहिलं की यादी बरीच आखूड होते आणि तिच्यात अनपेक्षित गोष्टी येतात. उदाहरणार्थ, वीज गेली तर चालू रेकॉर्डिंगचं काय होतं. मुंबईत वीज क्वचित जाते, पण 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी ग्रिड कोसळून सगळं शहर थांबलं होतं ते कुणी विसरलेलं नाही. वेव्ह फाइलच्या सुरुवातीला, हेडरमध्ये, आत किती आवाज आहे तो आकडा असतो. काही सॉफ्टवेअर तो आकडा रेकॉर्डिंग थांबवल्यावरच नीट लिहितात. मध्येच वीज गेली की डिस्कवर आवाज असतो, पण फाइल स्वतःला रिकामी म्हणवते. कच्चा डेटा म्हणून उघडून तो बाहेर काढता येतो, पण हे माहीत असणारा माणूस त्या वेळी समोर पाहिजे. काही सॉफ्टवेअर दर थोड्या वेळाने हेडर सुधारत जातात. अपडेटच्या जाहिरातीत ही ओळ कधीच ठळक नसते. माझ्या मते यादीत ती पहिली हवी.

लायसन्सच्या तपासणीचंही तसंच. सॉफ्टवेअर ऐन रेकॉर्डिंगला उघडलं नाही, तर पुढच्या सगळ्या सोयींना अर्थ नाही. वादक तिघे, एक कर्जतहून आलेले, एक विरारहून, आणि तारीख पुन्हा गणपतीनंतरच मिळणार.

कंपन्या असं का करतात याबद्दल स्टुडिओत बसून शिव्या देणं सोपं आहे, पण त्यांचं गणित वेगळं असतं. स्वस्त, मधली आणि महाग अशा आवृत्त्या विकायच्या तर कुठेतरी रेघ मारावीच लागते, आणि ती रेघ सरकत आलेली आहे. ट्रॅकमधला विलंब आपोआप जुळवण्याची सोय प्रो टूल्स या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या महागड्या एचडी यंत्रणेत होती, पण स्वस्त एलई आवृत्तीत कधीच आली नाही. साध्या कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांना ती 2010 मध्ये प्रो टूल्स 9 बरोबर मिळाली. त्याच सॉफ्टवेअरमध्ये 2013 च्या 11 व्या आवृत्तीपर्यंत तयार गाणं बाहेर काढायचं तर ते पूर्ण वाजू द्यावं लागे. सहा मिनिटांचं गाणं, सहा मिनिटं बसा. तोवर जगभरचे अल्बम होत राहिलेच. एबल्टन लाइव्ह 2001 पासून बाजारात आहे, त्यात टेक निवडून जोडण्याची सोय 2021 मध्ये, 11 व्या आवृत्तीत आली. ऑडॅसिटीत वाजतानाच इफेक्ट बदलता येणं 2022 मध्ये जमलं, सॉफ्टवेअर पहिल्यांदा आलं त्याला तोवर 22 वर्षं झाली होती. म्हणजे ‘याच्याशिवाय काम कसं होणार’ असं आपण ज्याला म्हणतो त्यातल्या बऱ्याच गोष्टींशिवाय काम झालेलं आहे.

दुसऱ्या टोकाला रीपर हे सॉफ्टवेअर. त्यात आवृत्त्यांची उतरंडच नाही, सगळ्यांना सगळं. किंमत वापरणाऱ्याच्या कमाईवर : लहान व्यावसायिकाला 60 डॉलर, मोठ्याला 225, आणि एका लायसन्सवर दोन मुख्य आवृत्त्या. पण मला त्याचं कौतुक आहे ते वेगळ्या कारणासाठी. त्यात स्ट्रेचसाठी वापरलेल्या एलास्टिक इंजिनची नवी पिढी आली तरी जुनी यादीत ठेवली आहे. जुनं सेशन जुन्या इंजिनवरच वाजतं, नव्यावर न्यायचं तर तुम्ही न्या. दादरच्या तबल्याला एवढंच हवं होतं, मेनूत एक जास्तीची ओळ.

प्लगिनच्या बाबतीत हाच प्रश्न सगळ्यांच्याच दारी आला आहे. ॲपलने 2019 मध्ये मॅकओएस कॅटलिनापासून 32 बिटची सॉफ्टवेअर बंद केली, तेव्हा एका रात्रीत कितीतरी जुने रिव्हर्ब (आवाजाला घुमारा जोडणारे प्लगिन) मुके झाले. स्टाइनबर्गने 1996 मध्ये व्हीएसटी ही प्लगिन जोडण्याची पद्धत आणली, आणि जानेवारी 2022 मध्ये त्याच्या दुसऱ्या पिढीचा आधार दोन वर्षांत काढून घेणार असं जाहीर केलं. कारणं तांत्रिकदृष्ट्या योग्य आहेत, माझी तक्रार नाही. फक्त ‘सेशन उघडतं’ या दोन शब्दांत किती कमी सांगितलेलं असतं ते यातून दिसतं. आणि 2017 च्या नोव्हेंबरात गिब्सनने केकवॉकचं काम बंद केलं, तेव्हा केकवॉकच्या सोनार या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरवर वर्षानुवर्षं काम केलेल्या लोकांना बँडलॅबने काही महिन्यांत ते विकत घेईपर्यंत पुढे काय, हेही माहीत नव्हतं.

स्टुडिओने पुढे काय केलं ते सांगतो. दिग्दर्शकाच्या गाण्यासाठी जुनी आवृत्ती पुन्हा हवी होती. वार्षिक करारात मागच्या आवृत्त्या उतरवून घेण्याची परवानगी होती, हे काकांनी करार नीट वाचल्यावर कळलं. एक जुनं मशीन कपाटातून काढलं, त्यावर जुनी आवृत्ती चढवली, लायसन्स चालू करून घेतलं आणि इंटरनेटची वायर काढली. त्यावर गाणं उघडलं, तबला तसाच निघाला. बासरी नव्या मशीनवरून वेव्ह फाइल म्हणून आणून बसवली. संस्थेकडून जादा पैसे घेतले नाहीत. रेकॉर्डिस्टला ते पटलं नाही. तिचं म्हणणं, आपली चूक नसताना दोन दिवस आपण का भरायचे? काकांचं म्हणणं, आपण गाणं सांभाळतो म्हणून लोक आपल्याकडे येतात. दोघांचंही खरं आहे.

त्यानंतर जुन्या कामांचे स्टेम काढायचं ठरलं. प्रत्येक ट्रॅक, त्यावरच्या स्ट्रेचसकट आणि इफेक्टसकट, सलग वेव्ह म्हणून. आणि त्याच्या बाजूला इफेक्टशिवायचा. काकांना भीती होती जागेची. हिशेब केला : 48 किलोहर्ट्‌झ, 24 बिट, मोनो ट्रॅकला मिनिटाला 8.64 एमबी. पाच मिनिटांच्या गाण्याचे वीस ट्रॅक म्हणजे 864 एमबी. दोन्ही प्रकार धरले तरी पावणेदोन जीबीच्या आसपास. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या दोन हार्ड डिस्कमध्ये स्टुडिओचं आजवरचं काम मावून वर जागा उरते. एक डिस्क स्टुडिओत, दुसरी काकांच्या घरी. वेळ मात्र जातो, ते काम अजून चालूच आहे.

नवं अपडेट घेण्याआधीची चाचणीही ठरली. तीन जुनी सेशन निवडली : एक स्ट्रेच केलेल्या तबल्याचं, एक जुन्या रिव्हर्बचं, एक व्हॉल्यूमच्या रेषांनी भरलेलं. ती नव्या आवृत्तीत उघडून मिक्स बाहेर काढायचं, त्याची फेज उलटी करायची (म्हणजे आवाजाची लहर वरची खाली) आणि जुन्या मिक्सशेजारी ठेवून दोन्ही एकत्र वाजवायची. अगदी तंतोतंत सारखी असतील तर काहीच ऐकू येत नाही. जे ऐकू येईल तो फरक. रिव्हर्बमध्ये मुद्दाम थोडा अनियमितपणा असतो, त्यामुळे तिथे पूर्ण शांतता मिळत नाही आणि कानावरच भागवावं लागतं. तबल्याच्या सेशनला ही चाचणी लावली तेव्हा उरलेल्या आवाजात फक्त चाटी ऐकू येत होत्या, एकामागून एक, लयीत. ती फाइल कंपनीला पाठवली. तिसऱ्या पत्राच्या उत्तरात ‘संबंधित विभागाकडे कळवलं आहे’ एवढं आलं.

तिसरी अट काकांची : गणपतीच्या आधीचे तीन महिने कुठलंच अपडेट नाही, कितीही सोय होत असली तरी. या अटीवर तिघांचंही एकमत झालं.

बटणावर झालं नाही. रेकॉर्डिस्टने रेकॉर्डिंगसाठी वेगळा टेम्प्लेट बनवला. त्यात मास्टरवर काहीच नाही, आणि गाणं मिक्सपर्यंत पोचलेलं असेल तर ती त्याचा एक स्टिरिओ ट्रॅक काढून त्यावर नवा आवाज घेते. काम चालतं. तरी वरच्या आवृत्तीचे जादा पैसे त्या एका बटणासाठी भरावेत असं तिचं म्हणणं आहे, आणि पुढच्या जूनमध्ये करार नव्याने भरायची वेळ आली की ती ते पुन्हा मांडणार आहे. काकांनी त्या पैशांत एक चांगला यूपीएस घ्यायचं ठरवलं आहे.